प्रागचं वार्तापत्र : गर्दी पांगल्यावर पाहायचं घड्याळ

जुन्या प्रागमध्ये नगरभवनाच्या दक्षिण भिंतीखाली दर तासाला दाटी होते. ठोका पडतो, सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो, वरच्या दोन खिडक्यांतून येशूचे बारा शिष्य एकेक करून दर्शन देतात, सोनेरी कोंबडा आरवतो आणि लोक मोबाइल खिशात घालून निघून जातात. घड्याळ पाहायची खरी वेळ ती. खालची तबकडी कुणी वाचतच नाही, याचं फार वाईट वाटतं.

कादानच्या मिकुलाश या घड्याळजीनं १४१० साली ते घडवलं. चालू स्थितीतलं याहून जुनं खगोलीय घड्याळ जगात नाही. तबकडीच्या मध्यभागी अर्थातच पृथ्वी आहे, कारण कोपर्निकस जन्मायला अजून साठेक वर्षं होती. निळा भाग दिवसाचा, काळा रात्रीचा, मधला तांबूस पट्टा संधिप्रकाशाचा. फिरत्या राशीचक्रावर सूर्य कुठे आहे ते दिसतं, आणि पूर्व क्षितिजाच्या रेषेवर कोणती रास आहे ते पाहिलं की लग्नही कळतं! मात्र आपल्या पंचांगाशी ताडून पाहू नका. इथल्या राशी सायन; सूर्य मकरेत जातो तो २२ डिसेंबरच्या सुमारास, १४ जानेवारीला नव्हे.

मला सर्वांत थोर वाटतो तो चंद्र. अर्धा रुपेरी, अर्धा काळा असा पोकळ गोळा. काट्याबरोबर तो फिरतो, पण आतलं वजन सतत खालीच लोंबत राहतं आणि तेवढ्या जोरावर मळसूत्र गोळ्याला हळूहळू वळवतं. अशा रीतीनं चंद्राच्या कला आपोआप दिसतात.

चेक लोकांचा या घड्याळावर फार जीव. दुसरीकडे असं घड्याळ होऊ नये म्हणून नगरशेटांनी हनुश नावाच्या कारागिराचे डोळे फोडले, ही कथा इथे अजून सांगतात. मिकुलाशचं नाव जुन्या कागदपत्रांतून पुढे आलं, तरी हनुश काही गेला नाही. मे १९४५ मध्ये, युद्ध संपत आलेलं असताना, जर्मन माऱ्यात नगरभवन पेटलं आणि लाकडी शिष्य जळाले. प्रागकरांनी नवे कोरवून घेतले. १९४८ साली घड्याळ पुन्हा चालू झालं.

सर्वांत बाहेरच्या कड्यावर १ ते २४ हे जुन्या वळणाचे अंक आहेत. जुन्या बोहेमियात दिवस सूर्यास्ताला संपायचा, म्हणून हे कडं ऋतूनुसार मागेपुढे सरकतं. इकडे आलात तर मावळतीला या. सोनेरी हात तेव्हा बरोबर २४ वर असतो.