सबवूफर वेगळा ऐकू येतोय?

परवा खामगावला मित्राकडे गेलो. छोटे बुकशेल्फ स्पीकर, सोबत नवा सबवूफर. भजन लावलं, तर पखवाजाची थाप समोरून अन् घुमारा कोपऱ्यातून!

क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा, १२० हर्ट्झवर होता. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो, हे कानाला नीट कळत नाही. म्हणून क्रॉसओव्हर ८० वर ठेवूनच सुरुवात करावी.

खरा खेळ जागेचा. ४० हर्ट्झची लहर जवळपास साडेआठ मीटरची, खोली त्याहून लहान. म्हणून कुठे दणका, कुठे काहीच नाही. सबवूफर आपल्या बसायच्या जागी ठेवा आणि भिंतीकडेने रांगत ऐका. जिथे खर्ज एकसारखा वाटेल, तीच सबवूफरची जागा.

मग सबवूफरवरचा फेजचा खटका ० वर की १८० वर? ज्यात खर्ज भरीव, ते.

आम्ही कोपरा सोडला, सबवूफरचा आवाज कमी केला. पखवाज एकसंध झाला!

तुमची खोली किती बाय किती? अडलं तर विचारा.