शब्दांतून समीकरण

बीजगणिताचें नांव निघतांच पुष्कळ विद्यार्थ्यांच्या तोंडचें पाणी पळतें. मांडून दिलेलें समीकरण ते बिनचूक सोडवितात. परंतु तेंच शाब्दिक उदाहरणाच्या रूपानें पुढें आलें कीं लेखणी अडते. याचें कारण, आमच्या मतें, गणितांत नसून वाचनांत आहे.

पुढील उदाहरण घ्या. ‘एक दप्तर व एक डबा मिळून ६०० रुपये पडले. दप्तर डब्यापेक्षां ४०० रुपयांनीं महाग आहे. तर डब्याची किंमत काय?’ घाईनें वाचणारा ‘२०० रुपये’ असें सांगून मोकळा होतो. पण मग दप्तर ६०० रुपयांचें होऊन बेरीज ८०० वर जाईल! ‘४०० रुपयांनीं महाग’ हे शब्द त्यानें ‘४०० रुपये किंमत’ असे वाचले, एवढेंच.

आतां डब्याची किंमत क्ष मानूं. दप्तराची किंमत क्ष + ४०० झाली. दोहोंची बेरीज ६००, म्हणून

क्ष + क्ष + ४०० = ६००.

यावरून २क्ष = २०० व क्ष = १००. डबा १०० रुपयांचा, दप्तर ५०० रुपयांचें.

रीत ही अशी: जें विचारलें आहे त्यास प्रथम अक्षर द्यावें, इतर राशी त्याच अक्षराच्या साह्यानें लिहाव्या, नंतर समान काय आहे तें शोधून बरोबरीचें चिन्ह घालावें. अज्ञातास नांव देण्याची ही युक्ति आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० च्या सुमारास रचिलेल्या ‘बीजगणित’ ग्रंथांत अज्ञात राशीस ‘यावत्तावत्’ म्हटलें असून, अज्ञात अधिक असल्यास त्यांस काळा, निळा, पिवळा अशा रंगांचीं नांवें दिलीं आहेत.

वयाच्या उदाहरणांत आणखी एक खांच असते. ‘बापाचें वय मुलाच्या तिप्पट आहे, १२ वर्षांनीं तें मुलाच्या तेव्हांच्या वयाच्या दुप्पट होईल.’ मुलाचें वय क्ष, तर बापाचें ३क्ष. बारा वर्षें दोघांच्याही वयांत मिळवावयाचीं, हें विसरतां कामा नये:

३क्ष + १२ = २(क्ष + १२).

मुलगा १२ वर्षांचा, बाप ३६ वर्षांचा. ताळा पाहा: पुढें २४ व ४८.

पालकांस आमची एक विनंति आहे. स्वतःस बीजगणित येत नसलें तरी मुलास तीन प्रश्न अवश्य विचारावे: काय काढावयाचें आहे? काय दिलें आहे? कशाची कशाशीं बरोबरी आहे? उत्तर मात्र सांगूं नये; तें मिळाल्यावर मूळ शब्दांत घालून पाहावयास लावावें. शब्द तोलून वाचण्याची ही संवय परीक्षेपुरती नसून जन्माची शिदोरी होय.