तीन सभा चुकल्या म्हणून सदस्यत्व जात नाही

आर्वी तालुक्यात कुठल्याही ग्रामपंचायतीत गैरहजर सदस्याचा विषय निघाला की कुणीतरी ठामपणे सांगतंच, "लागोपाठ तीन मीटिंगला आला नाही ना? मग त्याचं पद गेलं." सदस्य सांगतात, गावातले जाणते सांगतात, अर्ज लिहून देणारेही सांगतात. हे चूक आहे. या चुकीपायी गाव घाईने अर्ज करतं, तो टिकत नाही आणि न फिरकणारा सदस्य निर्धास्त होतो.

तीन सभांचा नियम सहकारातला. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे समितीच्या लागोपाठ तीन मासिक सभांना परवानगीशिवाय गैरहजर राहिलेल्याचं पद जातं. ग्रामपंचायत ही सहकारी संस्था नव्हे. तिला १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम लागू आहे आणि त्याचं कलम ४० स्पष्ट आहे. पंचायतीच्या परवानगीशिवाय सलग सहा महिने सभांना गैरहजर राहिल्यास सदस्यत्व संपतं. पंचायतीची रजा न घेता सलग चार महिन्यांहून अधिक काळ गावाबाहेर राहिलं तरी संपतं. ही दुसरी अट फारशी कुणाला ठाऊक नसते. मुलांच्या शिक्षणासाठी नागपूरला बिऱ्हाड हलवलेल्या किंवा कामधंद्यासाठी पुण्याला गेलेल्या सदस्याला खरं तर तीच आधी लागू पडते.

यातला 'सलग' हा शब्द डोळ्यांआड करू नका. पाच महिने तोंड न दाखवलेला सदस्य सहाव्या महिन्यात एका सभेला येऊन सही करून गेला, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आणि सभाच झाल्या नाहीत, तर गैरहजर म्हणायचं कशाला? दर महिन्याला सभा घेण्याची जबाबदारी सरपंचाची. वाजवी कारणाशिवाय ती टाळली तर कलम ३६ खाली सरपंचाचंच पद धोक्यात येतं आणि कारण वाजवी होतं की नाही, हे जिल्हाधिकारी ठरवतात.

प्रकरण कागदावर जिंकलं किंवा हरलं जातं. सभेची नोटीस घेऊन शिपाई घरोघर जातो, नोटीसबुकावर सही घेतो. सदस्य घरी नसला तर मुलाची नाहीतर शेजाऱ्याची सही होते, कधी रकाना कोराच राहतो. अर्जावरच्या सुनावणीत नेमका हाच रकाना पुढे येतो. सदस्य म्हणतो, मला नोटीस मिळालीच नाही, आणि गावाकडे उत्तर नसतं. ग्रामसभेत टाळ्यांच्या गजरात "सदस्यत्व रद्द" असा ठराव घेणाऱ्यांनी आधी ते बुक उघडून पाहिलं असतं तर बरं झालं असतं. असा ठराव लोकांचा संताप दाखवतो, पद घालवत नाही. सदस्याला परत बोलावण्याचा अधिकार कायद्याने ग्रामसभेला दिलेलाच नाही.

"येतो, पण काही करत नाही" अशा सदस्यासाठी कलम ३९ आहे: कर्तव्यात हयगय, गैरवर्तन, कामाची असमर्थता. त्याची चौकशी जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी करतात, निर्णय विभागीय आयुक्तांचा, म्हणजे आपल्यासाठी नागपूरचा. सभेत गप्प बसणं एवढ्यावर मात्र कुणी अपात्र होत नाही.

महिला सदस्याच्या जागी त्यांचे पती सभेला बसले की हजेरी लागते, हा समज तर संतापजनक आहे. निवडून आलेल्या बाईंचीच हजेरी धरली जाते. पतीला तिथे ना मत, ना सही.

आर्वी शहरातल्या नगरसेवकांना हेच कलम ४० लागू होतं, असंही नाही. नगरपरिषदेचा कायदा १९६५ चा आणि वेगळा.

खासदारांना गैरहजेरीचा नियमच नाही, हेही खोटं. संविधानाच्या अनुच्छेद १०१ नुसार परवानगीशिवाय साठ दिवस गैरहजर राहिल्यास सभागृह जागा रिक्त जाहीर करू शकतं.

तुमच्या गावात असा सदस्य असेल, तर अर्जाची घाई करू नका. आधी माहिती अधिकारात सहा महिन्यांचं नोटीसबुक, हजेरीपत्रक आणि प्रोसिडिंग बुकाच्या प्रती मागा. त्या काळात रजेचा अर्ज मंजूर झाला होता का, हेही विचारा. कागद पक्के असतील तरच पुढे जा.