युद्धकाळी नागरिकांचा वाटा : सुरतेच्या निमित्ताने

दि. 7 मे 2025 रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव घेण्यात आला. केंद्रीय गृह मंत्रालयाने त्यासाठी निवडलेल्या ठिकाणांच्या यादीत सुरत शहर पहिल्या श्रेणीत होते. महाराष्ट्रातील मुंबई, उरण व तारापूर ही ठिकाणेही याच श्रेणीत होती. त्या सायंकाळी सुरतेत भोंगे वाजले व ठरलेल्या वेळेपुरते दिवे मालवण्यात आले. ज्या तरुणांनी युद्धकाळातील अंधार केवळ वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून ऐकला होता, त्यांनी तो प्रथमच अनुभवला.

सुरतेला हे महत्त्व का, हे नकाशावर नजर टाकताच ध्यानी येते. मुंबई-अहमदाबाद लोहमार्ग येथे तापी नदी ओलांडतो. समुद्राकडे हजिऱ्याचे बंदर व मोठे कारखाने आहेत, तर तापीच्या वरच्या अंगास काकरापारचे अणुऊर्जा केंद्र आहे. शहरात कापडाचे माग व हिऱ्यांना पैलू पाडण्याचे कारखाने दाटीने वसले आहेत. अशा ठिकाणी शत्रूचा एक घाव सैनिकी तळावरील घावाइतकाच जिव्हारी लागू शकतो. यास्तव सैन्य सीमेवर उभे असताना अशा शहराची घडी विस्कटू न देणे, हेही संरक्षणाचेच काम ठरते.

या कामाची आपल्याकडील रीतसर उभारणी 1962 च्या चिनी आक्रमणानंतर झाली. दि. 26 ऑक्टोबर 1962 रोजी आणीबाणी घोषित झाली आणि त्याच वर्षी राष्ट्रीय संरक्षण निधी स्थापन करण्यात आला. गावोगावच्या सभांतून स्त्रियांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. शाळकरी मुलांनी खाऊचे पैसे दिले. याच सुमारास शासनाने सुवर्ण रोखेही काढले. दान आणि रोखे यांत फरक आहे व तो पुष्कळदा विसरला जातो. हैदराबादच्या निजामाने 1965 मध्ये देशाला कित्येक टन सोने दान केले, असे आजही सर्रास सांगितले जाते. वस्तुतः त्यांनी 425 किलो सोने व्याजाने परत मिळणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण सुवर्ण योजनेत गुंतवले होते. ही गुंतवणूकही देशाच्या उपयोगी पडलीच. परंतु मंगळसूत्राची वाटी देणाऱ्या खेडवळ स्त्रीचे देणे निराळ्या जातीचे होते, हे नोंदले पाहिजे.

त्याग सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही, याचे ठळक उदाहरण जानेवारी 1963 च्या सुवर्ण नियंत्रण नियमांत सापडते. परदेशी चलन वाचावे व चोरट्या आयातीला आळा बसावा, म्हणून 14 कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे दागिने घडविण्यास मनाई झाली. उद्देश योग्य असला तरी त्याचा भार प्रामुख्याने एका कारागीर वर्गावर पडला. हातात कसब असूनही अनेक सोनारांना भट्टी विझवून दुसरे काम शोधावे लागले. 1966 मध्ये ती मर्यादा उठविण्यात आली. 1968 चा सुवर्ण नियंत्रण कायदा मात्र 1990 पर्यंत चालू राहिला. युद्धकाळात नागरिकांनी काय दिले याचा हिशेब मांडताना सोनाराची विझलेली भट्टी सहसा जमेस धरली जात नाही. ती धरली जावी.

1965 च्या युद्धात धान्याचा प्रश्न बिकट होता. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि असंख्य घरांत सोमवारी रात्री चूल पेटेनाशी झाली. त्याच वर्षी दि. 19 सप्टेंबर रोजी गुजरातचे मुख्यमंत्री बळवंतराय मेहता यांचे विमान कच्छच्या सीमेजवळ पाकिस्तानी लढाऊ विमानाने पाडले. मुख्यमंत्री, त्यांच्या पत्नी व सोबतची सर्व मंडळी मृत्युमुखी पडली. पंचायत राज्याची शिफारस करणाऱ्या समितीचे अध्यक्ष म्हणून मेहतांचे नाव प्रत्येक ग्रामपंचायतीच्या परिचयाचे आहे. युद्ध लढणारा आणि न लढणारा यांतील रेषा किती पुसट असते, हे त्या घटनेने दाखवून दिले.

1971 मध्ये याच कच्छमध्ये जे घडले, ते तर प्रत्येक शाळेत सांगण्याजोगे आहे. दि. 8 डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानी विमानांनी भुजच्या विमानतळावर बाँब टाकले व धावपट्टी निकामी झाली. तळाचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक, हे मराठी अधिकारी. दुरुस्तीला मजूर मिळेनात. तेव्हा शेजारच्या माधापर गावातील सुमारे 300 स्त्रिया पुढे आल्या. भोंगा वाजला की बाभळीच्या झुडपांत दडावयाचे आणि धोका टळला की पुन्हा कामाला लागावयाचे, असा त्यांचा क्रम होता. वरून दिसू नये म्हणून धावपट्टीला शेणाने सारवण्यात आले. घर सारवणाऱ्या हातांना ते काम शिकवावे लागले नाही. 72 तासांत धावपट्टी पुन्हा विमानांच्या उपयोगाची झाली. शासनाने दिलेले 50,000 रुपयांचे बक्षीस या स्त्रियांनी आपसांत वाटून न घेता गावाच्या कामी लावले.

आता पुन्हा सुरतेकडे वळू. शहराच्या लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळाही तेथे आहेत. यांतील बहुतेकांची उपजीविका यंत्रमागावर चालते आणि मजुरी विणलेल्या मीटरवर मिळते. माग थांबला की मजुरीही थांबते. सरावाचा अर्धा तास फार नव्हे; पण खऱ्या युद्धात असा अंधार रात्रीमागून रात्री पाळावा लागतो. म्हणून अंधार पाळणे म्हणजे सर्व काम बंद करणे नव्हे, हे कारखानदार व कामगार या दोघांनीही समजून घेणे आवश्यक आहे. उजेड बाहेर दिसता कामा नये, एवढाच त्यामागील हेतू होय. 1965 व 1971 मध्ये मुंबईत खिडक्यांच्या काचांना जाड कागद चिकटवून आणि मोटारींचे दिवे अर्धे काळे करून दैनंदिन व्यवहार चालूच ठेवण्यात आले होते. मागांच्या शेडला जाड पडदे बसविले, तर रात्रपाळी सहसा बुडणार नाही. हा खर्च मालकाने आधीच करून ठेवावयाचा आहे. कामगाराच्या मजुरीतून तो वसूल होणे न्याय्य नव्हे.

भोंग्याची खूण प्रत्येकास ठाऊक असावी. चढउताराचा आवाज म्हणजे हल्ल्याचा इशारा. एकसुरी, सलग आवाज म्हणजे धोका टळला. घरातील वृद्ध व आजारी माणसास कोण उचलेल, गॅस कोण बंद करील, हे आधीच ठरलेले असावे. वस्तीत नवीन आलेल्या व गुजराती न कळणाऱ्या कुटुंबांना ही माहिती मराठीतून सांगण्याचे काम शिक्षकांइतके चांगले कोणी करू शकणार नाही.

नागरी संरक्षण अधिनियम 1968 चा असून पुढील दुरुस्तीने आपत्ती निवारणाचाही त्यात समावेश झाला आहे. 18 वर्षे पूर्ण झालेल्या व प्राथमिक शिक्षण घेतलेल्या नागरिकास स्वयंसेवक म्हणून नाव नोंदविता येते. प्रशिक्षणासाठी नागपूर येथे 1957 मध्ये स्थापन झालेले महाविद्यालय देशभर प्रसिद्ध होते. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणाच्या विसर्गाने सुरत पाण्याखाली गेली, तेव्हा गल्लीतील कोणत्या घरात कोण अडकले आहे हे ठाऊक असलेला माणूसच बोटीतील पथकाच्या सर्वांत उपयोगी पडणारा होता. वॉर्डनचे काम नेमके हेच असते. दि. 31 मे 2025 रोजी गुजरातसह सीमेलगतच्या राज्यांत दुसरा सराव झाला. स्वयंसेवकांची नोंदणी जिल्हा प्रशासनाच्या नागरी संरक्षण विभागाकडे करता येते.