वरच्या गटात जायचं, पण पैसे कोण भरणार? – अमेरिकेतल्या छोट्या विद्यापीठांच्या खेळाचा हिशोब



आपल्याकडे कॉलेजच्या प्रवेशाच्या पावतीवर 'जिमखाना फी' अशी एक ओळ असते. रक्कम लहान असते, त्यामुळे आपण तिच्याकडे नीट बघतही नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांच्या पावतीवरही खेळासाठीची अशी फी असते. फरक एवढाच, की काही ठिकाणी ती एका विद्यार्थ्यामागे वर्षाला हजार डॉलरच्या पुढे जाते. मग तो विद्यार्थी मैदानावर पाऊल ठेवो वा न ठेवो!

आपल्या गावातली, नात्यातली मुलं आता शिकायला तिकडे जातात. म्हणून ही फी एवढी का वाढते, ते समजून घेऊ. त्यासाठी छोटं विद्यापीठ खेळात 'वरच्या गटात' जायचं ठरवतं तेव्हा नेमकं काय घडतं, ते पाहावं लागेल.

गट म्हणजे काय?

अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचा कारभार मुख्यतः नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे एनसीएए, ही संस्था पाहते. तिची सुरुवात १९०६ साली झाली. आज सुमारे १,१०० कॉलेजं आणि विद्यापीठं तिच्यात आहेत. १९७३ साली तिने सभासदांचे तीन गट केले. त्यांना तिकडे 'डिव्हिजन' म्हणतात.

- पहिला गट : साडेतीनशेहून थोडी जास्त विद्यापीठं. किमान १४ खेळांचे संघ ठेवावे लागतात. खेळाडूंना मोठ्या शिष्यवृत्त्या मिळतात. टीव्हीवर दिसतो तो मुख्यतः हाच गट.
- दुसरा गट : किमान १० खेळ. बहुतेक खेळाडूंना फीचा काही भागच शिष्यवृत्ती म्हणून मिळतो.
- तिसरा गट : खेळासाठी शिष्यवृत्तीच नाही. मुलं शिकायला येतात आणि खेळतातही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. युरोपातल्या फुटबॉलमध्ये खालच्या लीगमधला विजेता संघ आपोआप वर चढतो. इथे तसं नाही. दुसऱ्या गटात कितीही जिंकलात तरी पहिल्या गटात कोणी ढकलत नाही. विद्यापीठाला स्वतः ठरवावं लागतं, पहिल्या गटातल्या एखाद्या 'कॉन्फरन्स'चं, म्हणजे विद्यापीठांच्या साखळीचं, आमंत्रण मिळवावं लागतं आणि अर्ज करावा लागतो. थोडक्यात, वर जाणं हे बक्षीस नाही. तो पैशाचा निर्णय आहे.

खर्च आधी, फळ नंतर

वर गेल्याबरोबर खर्च सुरू होतो. खेळ वाढवायचे म्हणजे संघ वाढले. संघ वाढले की शिष्यवृत्त्या, प्रशिक्षक, डॉक्टर, विमा सगळंच वाढतं. शिवाय १९७२ च्या 'टायटल नाइन' या कायद्यामुळे मुलींना खेळाची संधी आणि शिष्यवृत्ती न्याय्य प्रमाणात द्यावीच लागते. (फार चांगला कायदा आहे हा, त्यावर कधीतरी स्वतंत्र लेख लिहीन.) पूर्वी बसने दोन तासांत जाता येईल अशा कॉलेजांशी सामने असायचे, आता विमानाने जावं लागतं.

आणि फळ? त्याला थांबावं लागतं. दुसऱ्या गटातून पहिल्या गटात जाणाऱ्या विद्यापीठाला चार वर्षांचा संक्रमणकाळ असायचा. २०२५ मध्ये नियम बदलून तो तीन वर्षांवर आणला. या काळात संघ साखळीत खेळतो, पण राष्ट्रीय स्पर्धेत जाऊ शकत नाही.

केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरात बेलरमाइन नावाचं छोटं विद्यापीठ आहे. ते २०२० मध्ये पहिल्या गटात आलं. २०२२ मध्ये त्याच्या बास्केटबॉल संघाने आपल्या साखळीची स्पर्धा चक्क जिंकली. एरवी विजेत्याला राष्ट्रीय स्पर्धेचं थेट तिकीट मिळतं. पण बेलरमाइन संक्रमणकाळात होतं, म्हणून ते तिकीट जॅक्सनव्हिल स्टेट या दुसऱ्याच संघाला गेलं. जिंकले हे आणि गेले ते!

फुटबॉलच्या सर्वांत वरच्या पायरीवर जायचं तर आणखी वेगळा मामला. तिथला अर्ज पूर्वी ५,००० डॉलर भरून होत असे. २०२३ मध्ये ही फी ५० लाख डॉलर केली. म्हणजे एकदम हजारपट! दाराशी एवढी गर्दी होऊ लागली होती, की दारच महाग केलं.

प्रशिक्षकाचा पगार का वाढतो?

खालच्या गटात प्रशिक्षक म्हणजे बऱ्याचदा आपल्या शाळेतल्या गुरुजींसारखा माणूस. संघ शिकवायचा, मुलं शोधायची, सामन्यांची व्यवस्था बघायची, सगळं त्यानेच. त्याचा सहाय्यक अनेकदा अर्धवेळ असतो किंवा तिथेच पुढचं शिक्षण घेणारा एखादा विद्यार्थी. पहिल्या गटात पूर्णवेळ माणसं लागतात आणि बाजारभावाने लागतात.

या बाजारभावाला आळा घालायचा प्रयत्न झाला होता. १९९२ पासून एनसीएएने पहिल्या गटातल्या बास्केटबॉलसारख्या खेळांत एका कनिष्ठ प्रशिक्षकाचा पगार वर्षाला जास्तीत जास्त १६,००० डॉलर ठरवून दिला. हेतू खर्च कमी करायचा. पण प्रशिक्षक कोर्टात गेले. सगळ्यांनी मिळून एखाद्या माणसाची मजुरी बांधून टाकणं हे स्पर्धेच्या कायद्याविरुद्ध आहे, असं कोर्टाने ठरवलं. शेवटी १९९९ मध्ये एनसीएएने ५ कोटी ४५ लाख डॉलर देऊन तडजोड केली.

तेव्हापासूनची गंमत बघा. खेळाडूला काय द्यायचं यावर मर्यादा राहिली, प्रशिक्षकाला काय द्यायचं यावर राहिली नाही. मग खेळातून आलेला जादा पैसा कुठे जाणार? जिथे झाकण नाही तिथेच. म्हणूनच अमेरिकेतल्या अनेक राज्यांत सर्वांत जास्त पगाराचा सरकारी नोकर हा राज्यपाल नसून सार्वजनिक विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉलचा प्रशिक्षक असतो.

छोट्या विद्यापीठाची अडचण याहून वेगळी. त्याचा प्रशिक्षक चांगला निघाला, तर तो राहत नाही!

मॅसॅच्युसेट्समधलं मेरिमॅक कॉलेज २०१९ मध्ये पहिल्या गटात आलं. २०२३ मध्ये त्याने आपल्या साखळीची अंतिम फेरी फेअरली डिकिन्सन विद्यापीठाविरुद्ध एका गुणाने जिंकली. पण संक्रमणकाळामुळे राष्ट्रीय स्पर्धेत गेला हरलेला फेअरली डिकिन्सनचा संघ. आदल्या मोसमात या संघाने फक्त ४ सामने जिंकले होते आणि २२ हरले होते. नवे प्रशिक्षक टोबिन अँडरसन दुसऱ्या गटातल्या एका कॉलेजातून आले होते आणि येताना तिथले तीन खेळाडू बरोबर घेऊन आले होते. या संघाने राष्ट्रीय स्पर्धेत परड्यू या बलाढ्य संघाला ६३–५८ असं हरवलं. सगळा देश थक्क झाला. आणि त्यानंतर काही दिवसांतच अँडरसन आयोना विद्यापीठात रुजू झाले.

त्यांचं काही चुकलं असं नाही. कोणीही माणूस चांगली संधी घेईलच. पण विद्यापीठाच्या बाजूने विचार करा. मैदान बांधलं तर ते जागेवर राहतं. प्रशिक्षकावर केलेला खर्च मात्र यश मिळालं की उठून दुसरीकडे जाऊ शकतो. करार मुदतीआधी मोडला तर भरपाई मिळते, पण नवा माणूस शोधायचा, पुन्हा नवा पगार ठरवायचा, हे सगळं पहिल्यापासून.

मग पैसे येतात कुठून?

चार मुख्य वाटा आहेत.

१) टीव्ही आणि राष्ट्रीय स्पर्धा. मार्चमधल्या पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेतून एनसीएएला प्रचंड उत्पन्न मिळतं. तिथे संघाने खेळलेल्या सामन्यामागे साधारण २० लाख डॉलर, सहा वर्षांत विभागून, मिळतात. पण ते साखळीकडे जातात आणि मग सगळ्या सभासदांत वाटले जातात. आणि संक्रमणकाळात ही वाट बंदच असते.

२) हरायला जाण्याचे पैसे. ऐकायला विचित्र वाटेल, पण खरं आहे. मोठं विद्यापीठ छोट्या संघाला आपल्या मैदानावर बोलावतं आणि त्याबद्दल ठरलेली रक्कम देतं. निकाल बहुधा ठरलेलाच असतो. बहुधा! २००७ मध्ये ॲपलाचियन स्टेटला मिशिगनने असंच ४ लाख डॉलर देऊन बोलावलं. पाहुण्यांनी ३४–३२ ने सामना जिंकला आणि पैसेही घेऊन गेले. पण असा दिवस क्वचितच येतो.

३) देणगीदार. मिनेसोटातलं सेंट थॉमस विद्यापीठ २०२१ मध्ये तिसऱ्या गटातून थेट पहिल्या गटात आलं. त्याला नव्या क्रीडागृहासाठी एका दांपत्याने ७ कोटी ५० लाख डॉलर दिले. असे देणगीदार सगळ्यांच्या नशिबी नसतात.

४) विद्यार्थ्यांची फी आणि विद्यापीठाची तिजोरी. वरच्या तिन्ही वाटांनी जे भागत नाही ते इथून येतं. छोट्या विद्यापीठांत सर्वांत मोठी वाट बहुधा हीच असते.

याचा पुरावा म्हणून व्हर्जिनिया राज्याचा कायदा बघा. सार्वजनिक विद्यापीठांनी खेळासाठी फी आणि अनुदानातून किती भाग घ्यावा, यावर या राज्याने २०१५ मध्ये मर्यादा घातली. सर्वांत श्रीमंत साखळ्यांतल्या विद्यापीठांना २० टक्के. फुटबॉलच्या दुसऱ्या पायरीवरच्यांना ७० टक्के. पहिल्या गटात असून फुटबॉल नसलेल्यांना ७८ टक्के. लक्षात घ्या, ही *मर्यादा* आहे. आळा घालायला बसलेल्या सरकारलाही छोट्यांसाठी आकडा एवढा वर ठेवावा लागला.

दुसरी बाजू

मग सगळेच मूर्ख आहेत का? नाही. विद्यापीठाचं नाव टीव्हीवर आलं की प्रवेशासाठी चौकशी वाढते. माजी विद्यार्थी पुन्हा जोडले जातात. छोट्या गावातल्या कॉलेजाला ओळख मिळते. विद्यार्थिसंख्या घटत असताना ही ओळख म्हणजे जीव वाचवण्याचा प्रश्न असू शकतो.

पण एक मुद्दा सहसा कोणी सांगत नाही. तिसऱ्या गटात खेळाडूला खेळाची शिष्यवृत्ती नसते. म्हणजे 'मला इथे संघात खेळायला मिळेल' म्हणून आलेली चाळीस मुलं कॉलेजला फी देतात. तिथे संघ कॉलेजला पैसे *मिळवून* देतो. पहिल्या गटात त्याच चाळीस मुलांवर कॉलेज खर्च करतं. गट बदलला की हिशोबाची बाजूच बदलते, जमेतली ओळ खर्चात जाते.

हे ओळखून काही विद्यापीठं खाली उतरलीही आहेत. हार्टफर्ड विद्यापीठ २०२१ मध्ये पहिल्यांदा मार्चच्या राष्ट्रीय स्पर्धेत पोचलं आणि त्याच वर्षी त्याने तिसऱ्या गटात जायचं ठरवलं. पेनसिल्व्हेनियातलं सेंट फ्रान्सिस विद्यापीठ १९९१ नंतर थेट २०२५ मध्ये त्या स्पर्धेत खेळलं. दोन गुणांनी हरलं. आणि आठवडाभरातच तिसऱ्या गटात जाण्याची घोषणा केली. त्याच वर्षी जूनमध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीमुळे पहिल्या गटातल्या विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले, पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. खेळाडूंच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. पण छोट्यांसाठी शर्यत आणखी महाग झाली. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे त्यांना यशाच्या ऐन क्षणी ठरवावं लागलं, आणि त्याला धाडस लागतं.

पालकांसाठी तीन प्रश्न

मुलाला किंवा मुलीला तिकडे पाठवताना फीचा तक्ता उघडून हे नक्की विचारा :

1. खेळाची फी वेगळी दाखवली आहे, की इतर फीमध्ये मिसळली आहे?
2. ती सगळ्यांना सक्तीची आहे का? पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही?
3. विद्यापीठ सध्या गट बदलत आहे का? बदलत असेल तर पुढच्या वर्षांत फी वाढू शकते, हे धरून चाला.

वर्गासाठी उपक्रम

सातवी-आठवीच्या मुलांना हे काल्पनिक उदाहरण द्या. एका विद्यापीठात ४,००० विद्यार्थी आहेत. वर गेल्यावर खेळाचा खर्च वर्षाला ६० लाख डॉलरने वाढला. सामने आणि देणग्या मिळून उत्पन्न २० लाखांनी वाढलं. उरलेला भार विद्यार्थ्यांवर समान वाटला तर प्रत्येकी किती? (उत्तर : १,००० डॉलर.) आता पुढचा प्रश्न : त्यातले ३०० जण खेळाडू असतील, तर मैदानावर न उतरणारे किती जण हे पैसे भरतात? (३,७००.)

गणित दोन मिनिटांत सुटतं. त्यानंतर मुलांना विचारा, "हे बरोबर आहे का?" काही मुलं म्हणतील, संघ सगळ्यांचा, मग खर्चही सगळ्यांचा. काही म्हणतील, आम्हाला विचारलं कुठे? दोन्ही उत्तरं फळ्यावर लिहा आणि मुलांना आपापसात बोलू द्या.