घर वाचताना : मढच्या वास्तूंतून दिसणारा सामाजिक इतिहास

प्रास्ताविक

मागील घटकात आपण राजकीय इतिहासाची साधने पाहिली. सनदा, तह, बखरी आणि पत्रव्यवहार यांतून राज्यकर्त्यांच्या हालचाली कळतात. मात्र त्या काळी सामान्य माणूस कोणत्या घरात राहत होता, त्याच्या खिडकीतून उजेड किती येत होता, मसाला तो कशात भरून ठेवत होता, हे अशा कागदांत क्वचितच सापडते. त्यासाठी वास्तू, वस्तू आणि शब्द या तीन साधनांकडे वळावे लागते. ही साधने कशी वापरावीत, हे प्रस्तुत घटकात मुंबई उपनगरातील मढ या गावाच्या आधारे आपण समजून घेणार आहोत.

गढी आणि गाव

वेसावे आणि मढ यांच्यामध्ये मालाडची खाडी आहे. वेसाव्याहून तरीने काही मिनिटांत मढला पोहोचता येते. रस्त्याने जायचे तर मालाड, मार्वे असा मोठा वळसा पडतो. खाडीच्या मुखाजवळचा मढचा किल्ला सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी बांधला. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत, १७३९ च्या फेब्रुवारीत, तो मराठ्यांकडे आला. १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टीवर ताबा मिळवला तेव्हा तो त्यांच्या हाती गेला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडेच कायम राहिली. आज हा किल्ला भारतीय वायुदलाच्या अखत्यारीत असून आत जाण्यास परवानगी लागते.

एवढा मजकूर कोणत्याही गॅझेटिअरच्या धर्तीवर लिहिता येतो. तीन सत्ता आल्या आणि गेल्या. कोळ्यांच्या होड्या मात्र त्याच खाडीतून समुद्रात जात राहिल्या आणि बोंबील वलांडीवर सुकत राहिले. किल्ल्याचा धनी कोण, हे आपल्याला सालवार माहीत आहे. त्याचे दगड ज्यांनी वाहिले, त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. ती नोंद अन्यत्र, भाषेत मिळते. बांधकामावर आजही ‘मिस्त्री’ असतो, मजूर ‘घमेले’ उचलतो आणि घर पुरे झाले की मालकाच्या हाती ‘चावी’ दिली जाते. हे तिन्ही शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आले. किल्ला ढासळला तरी कामाच्या जागेवरचे शब्द टिकले.

करामुळे बदललेली घरे

वास्तूचे रूप केवळ आवडीने ठरत नाही. हवामान, उपलब्ध साहित्य आणि राज्यसत्तेचा कायदा यांनीही ते घडते. याचे बोलके उदाहरण ब्रिटनमध्ये सापडते. तेथे १६९६ मध्ये घरांच्या खिडक्यांवर कर बसवण्यात आला. जितक्या खिडक्या अधिक, तितका कर अधिक. तेव्हा अनेक घरमालकांनी काही खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या. दाटीवाटीने राहणाऱ्या गरिबांच्या वाट्याला अंधार आणि कोंदट हवा आली. हा कर १८५१ मध्ये रद्द झाला. परंतु बुजवलेल्या खिडक्यांचे चौकोन तेथील जुन्या भिंतींवर आजही दिसतात. पुढे १७८४ मध्ये विटांवर नगाप्रमाणे कर आला, तेव्हा काही कारखानदारांनी विटेचा आकारच वाढवला. भिंतीतील वीट मोजून करपद्धतीचा अंदाज बांधता येतो, तो असा.

हीच दृष्टी घेऊन कोकण किनाऱ्यावरील घराच्या छपराकडे पाहा. पूर्वी येथे झावळ्या, गवत किंवा कुंभाराने हाताने घडवलेली नळीची कौले असत. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना सुरू केला. साच्यातून काढलेली ही सपाट, एकसारखी कौले गलबतांतून किनाऱ्यावरील बंदरांत पोहोचू लागली आणि ‘मंगलोरी कौले’ हा शब्द घराघरांत रुळला. म्हणून एखाद्या जुन्या घरावर अशी कौले दिसली, तर ते छप्पर १८६५ नंतरचे, असे खात्रीने म्हणता येते. येथे एक सावधगिरी बाळगावी : छप्पर नवे असले तरी त्याखालच्या भिंती जुन्या असू शकतात. घराचा प्रत्येक भाग स्वतंत्रपणे तपासावा.

बंगल्याचा प्रवास

मढचे नाव घेताच आज अनेकांना चित्रीकरणासाठी भाड्याने दिले जाणारे बंगले आठवतात. ‘बंगला’ म्हणजे मुळात बंगाली धाटणीचे घर : एकमजली, गवताने शाकारलेले, उतरत्या छपराचे. इंग्रजांनी ही रचना उचलली, भोवती प्रशस्त व्हरांडा आणि आवार ठेवले आणि आपल्या अधिकाऱ्यांसाठी ती देशभर वापरली. त्यामुळे आपल्याकडे ‘बंगला’ हा शब्द साहेबी रुबाबाशी जोडला गेला. एकोणिसाव्या शतकात तो उलट दिशेने समुद्रापार गेला. इंग्लंडमधील केंट परगण्याच्या किनाऱ्यावर, वेस्टगेट येथे, १८६९-७० च्या सुमारास जॉन टेलर या वास्तुविशारदाने सुट्टी घालवण्यासाठी असे बंगले बांधले.

आता दोन्ही देशांतील अर्थ ताडून पाहा. तेथे ‘बंगलो’ म्हटले की बहुधा एकमजली, पुष्कळदा लहानसे घर डोळ्यांपुढे येते. येथे दुमजली, तिमजली घरालाही आपण बंगलाच म्हणतो. एका समाजाने शब्दातील रचना जपली, दुसऱ्याने प्रतिष्ठा जपली.

नाव, बाटली आणि ओळख

मढजवळील एरंगळ येथे समुद्रालगत संत बोनाव्हेंचर यांचे सोळाव्या शतकातील चर्च आहे. जानेवारीत तेथे भरणाऱ्या जत्रेला ख्रिस्ती भाविकांबरोबर हिंदू कोळीही येतात. या परिसरातील ख्रिस्ती समाज स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवतो. हे लोक मूळचे उत्तर कोकणातले. घरातील बोली मराठीची. मग हे नाव कोठून आले? इंग्रजी अमलात नोकऱ्यांसाठी गोवा आणि मंगळूरकडून ख्रिस्ती मंडळी मुंबईत आली. त्यांच्यापासून आपले वेगळेपण आणि भूमिपुत्र म्हणूनचा हक्क दाखवण्यासाठी स्थानिकांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ईस्ट इंडिया कंपनीशी नाते सांगणारे हे नाव धारण केले. कंपनीचे राज्य तेव्हा संपले होते; नावाचा उपयोग मात्र शिल्लक होता.

त्यांच्या स्वयंपाकघरात ‘बाटली मसाला’ असतो. अनेक जिन्नस भाजून, कुटून तयार होणारा हा मसाला बिअरच्या गडद रंगाच्या रिकाम्या बाटल्यांत ठासून भरत, म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. साहेबाने टाकून दिलेली बाटली कोकणी गृहिणीने वर्षभराच्या बेगमीसाठी वापरली. वसाहतकाळातील देवाणघेवाण केवळ दरबारात घडत नव्हती, फडताळातही घडत होती.

सारांश

किल्ल्याला तटबंदी आहे आणि राखणदारही आहे. कौलारू घराला, ओटीला किंवा फडताळातील बाटलीला कोणी राखणदार नाही. उपनगरांत जमिनीचे मोल चढत असताना जुनी घरे एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत नाहीशी होतात. घराबरोबर त्याचा पुरावा जातो, कारण त्याची दुसरी प्रत कोणत्याही दप्तरात नसते. म्हणून आपण केलेली साधी नोंदही उद्याच्या अभ्यासकाला साधन म्हणून उपयोगी पडेल.

स्वाध्याय

१. छपराच्या कौलांवरून घराच्या काळाविषयी कोणते अनुमान काढता येते? त्याची मर्यादा कोणती?

२. ‘बंगला’ या शब्दाच्या अर्थांतरातून समाजाविषयी काय कळते, ते आपल्या शब्दांत लिहा.

३. उपक्रम : आपल्या गावातील किंवा वस्तीतील एका जुन्या घराची, घरच्यांची परवानगी घेऊन, दोन पानी नोंद करा. भिंत, छप्पर, खिडक्या, ओटी यांचे वर्णन लिहा. घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला प्रत्येक भागाचे नाव विचारा आणि ते त्यांच्या बोलीत जसे असेल तसेच उतरवून घ्या.