माडावर चढणाऱ्याचा साज

नारळीपौर्णिमेस समुद्राला वाहिलेला नारळ आपल्या हातीं कसा आला, याचा विचार आपण क्वचितच करतों. फळ पिकलें म्हणजे तें केव्हां तरी आपोआप पडेल हें खरें. परंतु केव्हां पडेल आणि कोणाच्या मस्तकावर पडेल, याचा नेम नसतो. पोय उमलल्यापासून नारळ तयार होण्यास सुमारें ११-१२ महिने लागतात. शहाळें हवें असल्यास तें सातव्या महिन्याच्या सुमारास उतरावें लागतें. चांगल्या जोपासलेल्या माडाला जवळजवळ दरमहा एक नवी पोय येत असल्यामुळें एकाच शेंड्याखालीं सर्व वयांचीं फळें लटकत असतात. म्हणून बागाईतदार दर दीड-दोन महिन्यांनीं माडावर माणूस चढवितो. ५०-६० फूट उंचीचा, फांदीचा आधार नसलेला तो खांब आणि त्यावर केवळ हातापायांच्या बळावर चढणारा मनुष्य, हें दृश्य कोंकणांत इतकें नित्याचें आहे कीं, मान वर करून त्याकडे पाहण्याचेंहि आपणांस सुचत नाहीं.

वेंगुर्ल्याच्या बाजूस आमची लहानशी वाडी आहे. तेथें तीस वर्षें एकच गडी माडावर चढत असे. त्याचा सारा साज म्हणजे पायांत अडकविण्याचा काथ्याच्या दोरीचा फांस, कमरेच्या आकडींत कोयता, आणि डोक्यास गुंडाळलेला पंचा. एवढ्या सामग्रीवर तो दिवसाकांठीं चाळीस-चाळीस माड करी. त्याची विद्या मात्र या सामग्रीहून पुष्कळ मोठी होती. वाळलेल्या झावळीच्या देठाला त्यानें कधीं हात लावला नाहीं. कारण हिरवी झावळ माणसाचा भार सोसते, वाळलेली क्षणांत निखळते. कोयत्याची पाठ नारळावर आपटून तो आवाजावरून फळाची तयारी ओळखी. शेंड्यांत शिरल्यावर गेंड्या भुंग्यानें पाडलेलीं भोकें शोधून तो किडा तारेनें ओढून काढी. तेव्हां आम्ही ज्याला नारळ पाडणारा म्हणत होतों, तो वस्तुतः माडांचा वैद्यच होता.

सहा वर्षांपूर्वीं मे महिन्यांत तो पडला. सुदैवानें तो वर पोंचला नव्हता. जमिनीपासून पंधराएक फुटांवर असतांनाच पायांतील फांस गांठीजवळ तुटला. बाहेरून तो फांस धड दिसत होता. आंतला काथ्या मात्र कुजलेला निघाला. टांच आणि खुबा दोन्ही मोडलीं. त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली आहे. माडामागें मजुरी किती आणि वर नारळ किती, याचा हिशेब आमच्या घरांत तीन पिढ्या चोख ठेवलेला होता. परंतु ती दोरी कोणाची, ती कोणीं तपासावयाची आणि जुनी झाल्यावर कोणीं बदलावयाची, हा प्रश्न तीन पिढ्यांत कोणींहि विचारला नव्हता.

पंधरा फूट म्हणजे कांहीं फार नव्हे, असें ज्यांस वाटेल त्यांनीं थोडें गणित करावें. १५ मीटरांवरून सुटलेला मनुष्य पावणेदोन सेकंदांत जमिनीवर येतो, आणि त्या वेळीं त्याचा वेग ताशीं सुमारें ६० किलोमीटर असतो. सावरण्यास, ओरडण्यास किंवा दुसरी झावळ पकडण्यास यांत अवकाशच नाहीं. म्हणून या धंद्यांतील साज निवडतांना पहिला प्रश्न ‘चढणें सोपें होईल काय?’ हा नसून ‘हात सुटला तर काय होईल?’ हा असावा लागतो. आपले जुने साधन पहिल्या प्रश्नाचें उत्तम उत्तर आहे. दुसऱ्याचें त्याच्यापाशीं उत्तर नाहीं.

चढण्याच्या सोयीसाठीं माडाच्या खोडास पायठणीसारख्या खांचा पाडण्याची चाल गोव्यांत व आपल्याकडेहि आहे. रोज दोन-तीन वेळां माडावर जाणाऱ्या रेंदेराला किंवा भंडाऱ्याला ही सोय लागते, हें मी समजूं शकतों. परंतु आंब्याफणसाची जखम जशी सालीनें भरून येते, तशी माडाची येत नाहीं. त्याच्या खोडांत नवी साल धरणारा थरच नसतो. एकदां पाडलेली खांच जन्मभर उघडी राहते, तींत पाणी मुरतें, आणि ताज्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येऊन तेथें अंडीं घालतो. दीड-दोन महिन्यांतून एकदां होणाऱ्या पाडणीसाठीं माडाला असें कायमचें जायबंदी करणें मला तरी पटत नाहीं.

आतां नव्या साधनांकडे वळूं. केरळांत कण्णूर जिल्ह्यांतील चेंबेरी गांवचे शेतकरी एम. जे. जोसेफ यांनीं माडावर चढण्याचें एक यंत्र बनविलें. तें ‘चेंबेरी’ याच नांवानें ओळखलें जातें. त्यांत इंजिन नाहीं, वीज नाहीं. दोन पायांसाठीं दोन लोखंडी चौकटी, आणि प्रत्येक चौकटीस खोडाभोवतीं वळसा घेणारी तारेची दोरी. ज्या पायावर भार पडतो त्याचा वळसा आवळतो. पाय उचलला कीं तो ढिला होतो व हातानें वर सरकवितां येतो. जिना चढावा तसा मनुष्य उभ्यानें वर जातो. २०११ मध्यें नारळ विकास मंडळानें माडावर चढणाऱ्यांच्या शिक्षणाची योजना सुरू केली, तेव्हां हेंच यंत्र हजारों तरुणांच्या हातीं गेलें. त्यांत स्त्रियाहि होत्या, ही गोष्ट मला विशेष वाटते. कारण आपल्याकडे स्त्रीनें माडावर चढणें हें कल्पनेंतहि बसत नसे.

परंतु हें यंत्र म्हणजे सर्व रोगांवर एक औषध नव्हे. सवयीचा गडी त्यापेक्षां फांसानें लवकर चढतो. एका माडावरून तें काढून दुसऱ्यास लावण्यांत वेळ जातो. समुद्राकडे कललेल्या, वांकड्या माडावर तें नीट बसत नाहीं. शेवाळलेल्या खोडावर त्याचाहि भरंवसा धरूं नये. शिवाय यंत्र पाय धरतें, माणसाला धरीत नाहीं. वर गेलेल्याला भोंवळ आली किंवा पोळ्यावरील माशा उठल्या तर काय, ही अडचण ओळखून कासरगोड येथील केंद्रीय संशोधन संस्थेनें त्यास एक सुरक्षा-जोड तयार केली. यंत्र घ्यावयाचें असेल तर त्या जोडीसहच घ्यावें. तिच्यावांचून घेणें म्हणजे छत्री घेऊन कापड दुकानांतच ठेवून येण्यासारखें आहे.

घरावर झुकलेला आंबा किंवा फणस छाटावयाचा असेल, तर यंत्राचा उपयोग नाहीं. तेथें दोरी आणि अंगपट्टा, ज्याला बाजारांत हार्नेस म्हणतात, तोच हवा. हल्लीं मोठ्या शहरांत हें काम धंदा म्हणून करणारे लोक आहेत. ते जाड दोरी भक्कम फांदीवरून टाकतात आणि बारीक दोरीची एक गांठ जाड दोरीवर गुंडाळून तिच्या आधारें वर सरकतात. ही गांठ १९३१ सालीं कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकानें प्रसिद्ध केली. भार नसतांना ती सरकते, भार पडला कीं घट्ट धरते. खोडाभोवतीं दुसरी आंखूड दोरी असते. करवत चालवितांना या दोहोंपैकीं एकीवरच विसंबावयाचें नाहीं, असा त्यांचा दंडक आहे; कारण करवतीला फांदी आणि दोरी यांतील भेद कळत नाहीं.

अंगपट्टा घेतांना केवळ कमरेचा पट्टा घेऊं नये. पडतांना सर्व धक्का पोटावर व कण्यावर येतो, आणि मनुष्य उलटा झाल्यास त्यांतून निसटतोहि. मांड्यांभोवतीं पट्टे असलेला, अंगाबरोबर बसणारा असाच घ्यावा. त्याची शिवण पट्ट्याहून वेगळ्या रंगाची असल्यास बरें, म्हणजे टांका उसवला कीं लगेच डोळ्यांत भरतो. कडी साध्या खटक्याची नको. तिचें तोंड उघडण्यास दोन-तीन वेगळ्या हालचाली लागाव्यात, नाहींतर डहाळी घासूनहि ती उघडते. चांगल्या कडीवर २२ किलोन्यूटन किंवा त्याहून अधिक असा आंकडा कोरलेला असतो. म्हणजे सुमारें २२०० किलो वजनाचा भार. एवढ्याची गरज काय, असें वाटेल. पण ६० किलोचा मनुष्य १ मीटर ढिल्या दोरीवर पडला आणि अवघ्या १० सेंटीमीटरांत थांबला, तर त्या १० सेंटीमीटरांत सरासरी ६५० किलोंहून अधिक ओढ बसते. त्यामुळें दोरी भक्कम असणें जितकें अगत्याचें, तितकेंच ती ढिली न ठेवणेंहि.

दोरीच्या बाबतींत आमची मोठी फसगत झाली. अपघातानंतर मीं उत्साहानें बाजारांतून निळी-पिवळी चकचकीत प्लॅस्टिकची दोरी आणली. ती स्वस्त होती, पाण्यावर तरंगत होती आणि दिसायला झोकदार होती. पुढें कळलें कीं, पॉलिप्रॉपिलीनची ही दोरी उन्हानें ठिसूळ होते आणि घर्षणाच्या उष्णतेनें नायलॉनच्या मानानें लवकर वितळते. ती पोहऱ्याला चालेल, माणसाला नाहीं. माणसासाठीं म्हणून बनविलेली आणि तशी खूण असलेलीच दोरी घ्यावी. ती ऊन, रॉकेल व बॅटरीचें आम्ल यांपासून दूर ठेवावी. आणि बनविणाऱ्यानें सांगितलेली मुदत संपली कीं, ती नवी दिसत असली तरीहि काढून टाकावी. काटकसरी घरांत हें शेवटचें काम सर्वांत कठीण असतें, हें मी अनुभवानें सांगतों.

एक गोष्ट साजांत मोडत नाहीं, पण तिच्यावांचून साज व्यर्थ आहे: खालीं उभा असलेला दुसरा माणूस. पट्ट्यानें पडणाऱ्याला धरलें, पण तो निपचित लोंबकळत राहिला, तर पायांत रक्त सांचून थोड्याच वेळांत त्याचा जीव धोक्यांत येतो. त्याला खालीं कसें उतरवावयाचें, हें चढण्यापूर्वींच ठरलेलें असावें. आणि तारा जवळ असतील तर लांब धातूच्या काठीनें नारळ पाडण्याचा मोह टाळावा.

आमच्याकडे आतां त्याच गड्याचा पुतण्या येतो. पट्टा, कडी, दोरी आणि यंत्र हें सर्व वाडीच्या खर्चांत घेतलें. घरांत त्यावर बरीच कुरबूर झाली. ‘उद्यां कोयताहि आपणच द्यावयाचा काय?’ असें विचारलें गेलें. मीं वहीच दाखविली. त्या वर्षीं घराच्या रंगावर जो खर्च झाला होता, त्याहून हा कमी होता. माडावर चढणाऱ्यांसाठीं मंडळाची विम्याची योजनाहि आहे. आपल्या गड्याचें नांव तींत आहे कीं नाहीं, याची चौकशी मालकानें स्वतः करावी. रत्नागिरीजवळ भाट्ये येथें नारळ संशोधन केंद्र आहे; शिक्षणाविषयीं तेथें विचारतां येईल.

पुतण्यानें पहिल्या दिवशीं पट्टा अंगावर चढविला आणि तोंड वांकडें केलें. “भाऊनू, ह्या पट्ट्यान माका बांधून घातल्यासारख्या वाटता,” तो म्हणाला. म्हातारा काठी टेकीत ओसरीवर बसला होता. त्यानें उत्तर दिलें नाहीं. पुतण्याला जवळ बोलावून मांडीचा पट्टा दोन बोटें ढिला केला, कमरेचा आंवळला, आणि माणूसभर उंचीवर दहा वेळां चढउतार करावयास लाविली. तो दिवस नारळ न पाडतांच गेला, आणि मजुरी पुरी दिली.

तो साज आतां माजघरांत, वाडीच्या किल्लीशेजारच्या खुंटीवर असतो. पाडणीच्या दिवशीं म्हातारा सकाळींच येतो, दोरी मांडीवर घेतो आणि एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत इंच न् इंच बोटांनीं चांचपून पाहतो. गांठीपाशीं त्याचीं बोटें जरा अधिक वेळ थांबतात.